प्रकरण कुठे संपवावं?



कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाला वाटतं, अवघड असते ती सुरुवात. पहिलं वाक्य सुचलं की पुढचं आपोआप येईल. पण खरी पंचाईत साधारण साठाव्या पानावर होते. माणसं जमलेली असतात, घर उभं राहिलेलं असतं, लग्न-मुंजी-बाळंतपणं सगळं लिहून झालेलं असतं आणि तरी गोष्ट जागची हलत नाही. नाहीतर उलटं होतं. लिहिणारा धावत सुटतो, दहा वर्षं दोन पानांत उरकतो आणि वाचणारा मागेच राहतो. मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी निरोप पाठवून याबद्दलच विचारलं, म्हणून या वेळचं सदर प्रकरणांवर. प्रकरणं कशी पाडायची, कुठे थांबायचं, कुठे रेंगाळायचं.

मी दिवसभर कोड लिहिणारी बाई. आमच्या कामात एक साधा नियम आहे: एका तुकड्याने एकच काम करावं, आणि ते काम काय, हे त्याच्या नावावरून कळावं. कादंबरीला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पण बराचसा होतो. आणि तो आपल्याकडे संगणक येण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने तुरुंगात बसून पाळून दाखवला आहे.

एक रात्र, एक गोष्ट

‘श्यामची आई’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिलं. त्याला कादंबरी म्हणा किंवा आठवणी म्हणा, पण त्याची बांधणी एकदा लेखकाच्या नजरेने बघा. प्रकरणांना ‘प्रकरण पहिलं, दुसरं’ असं म्हटलेलंच नाही. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा बेचाळीस रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणजे प्रकरण किती मोठं, तर एका बैठकीत सांगून होईल आणि ऐकणाऱ्याला झोपायला जाता येईल एवढं.

या एका निवडीने किती प्रश्न सुटले बघा. प्रत्येक रात्रीला स्वतःची छोटी गोष्ट मिळाली. ‘मुकी फुले’मध्ये फुलं, ‘मोरी गाय’मध्ये गाय, ‘श्यामचे पोहणे’मध्ये पोहणं. मधलीच एखादी रात्र उघडून वाचली तरी ती पुरी वाटते. म्हणून तर शाळेच्या पुस्तकांत तिचे धडे होऊ शकले. पण बेचाळीस सुट्या गोष्टी एकत्र बांधल्या की कादंबरी होत नाही. त्यांच्याखालून एक प्रवाह सतत वाहतो आहे. घरावर कर्ज वाढतंय, जुनं वैभव जातंय, आईची प्रकृती खालावतेय. पहिल्याच रात्री, सावित्री-व्रताच्या गोष्टीत, आई आजारी आहे आणि वडाच्या प्रदक्षिणा तिच्यासाठी श्यामला घालाव्या लागतात. पुढे काय होणार याचं बीज पहिल्या प्रकरणात पडलंय, पण वाचताना आपल्याला दिसतो तो फक्त लाजणारा मुलगा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आई गेली तिथे पुस्तक संपत नाही. शेवटची रात्र तिच्या स्मृतिश्राद्धाची आहे. मोठा घाव बसल्यावर वाचणाऱ्याला उठून उभं राहायला थोडी जागा लागते, ती तिथे ठेवलेली आहे. अनेक हौशी हस्तलिखितं मृत्यूच्या किंवा लग्नाच्या ओळीवरच तुटतात. तिथून पुढची चार-सहा पानं लिहून बघावीत.

थोडक्यात, प्रकरणाकडे दोन कामं असतात. स्वतःची गोष्ट पुरी करायची आणि मोठी गोष्ट एक पायरी पुढे सरकवायची. पहिलं झालं आणि दुसरं नाही, तर प्रकरण गोड असूनही वाचक रेंगाळतो. दुसरं झालं आणि पहिलं नाही, तर प्रकरण नुसता जिना होतो. चढतो, पण कुठे पोचल्यासारखं वाटत नाही.

हप्त्यांनी लावलेली सवय

प्रकरण नेमकं उत्कंठेच्या टोकावर तोडायचं, ही सवय आपल्याला हप्त्यांनी लावली. मराठी कादंबरीचं मोठं वळण साप्ताहिकातच घडलं. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः वाचकांपर्यंत पोचली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते आणि आठवड्या-आठवड्याने ती घरोघर जाते. आठवडाभर थांबलेल्या वाचकाला मागचं आठवण करून द्यावं लागतं, पुढच्या अंकाची ओढ लावावी लागते. त्या काळच्या कादंबऱ्यांतला पाल्हाळ आज आपल्याला जाणवतो, त्यातला काही भाग या छापण्याच्या पद्धतीचाच आहे. हप्त्यांची दुसरी बाजूही आहे. आपट्यांची ‘कर्मयोग’सारखी कादंबरी अपुरीच राहिली. हप्ता वेळेवर देणं आणि इमारत पुरी करणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आपण बडोदेकर तर दोन्हीकडचे हप्ते वाचून मोठे झालो. घरात मराठी दिवाळी अंक, आणि शेजारच्या बाकडून मागून आणलेलं गुजराती ‘चित्रलेखा’. त्यात हरकिसन मेहतांची कादंबरी हप्त्याहप्त्याने यायची, आणि अंक आला की आधी कोण वाचणार यावरून कुरबूर ठरलेली. गुजरातीतच दुसरं टोकही आहे: गोवर्धनराम त्रिपाठींची ‘सरस्वतीचंद्र’. चार भाग, पहिला १८८७ मध्ये आणि चौथा १९०१ मध्ये. तिथे लेखकाला घाई नाही, वाचकानेही करायची नाही, असा करारच आहे.

म्हणून ‘प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का द्या’ हा सल्ला मी तरी देणार नाही. तो हप्त्यासाठी ठीक आहे. पुस्तक हातात असलेल्या वाचकाला तीस वेळा दाराची कडी वाजवून दाखवली की एकतिसाव्या वेळी तो उठत नाही. प्रकरणाच्या शेवटी प्रश्न हवा, हे खरं. पण तो ‘आता दारात कोण आलं?’ असाच असायला हवा असं नाही. ‘ही हे सगळं का सहन करतेय?’ हाही प्रश्नच आहे, आणि तो जास्त दिवस टिकतो.

तीन वह्या आणि चार ओळी

आता एक जवळचं उदाहरण. आपल्या मंडळातले एक काका, वय वर्षं शहात्तर, आपल्या घराण्यावर कादंबरी लिहीत आहेत. नाव सांगू नकोस या अटीवर त्यांनी लिहायची परवानगी दिली. तीन दोनशेपानी वह्या भरल्या आहेत, सुबक अक्षरात. अडचण त्यांच्याच शब्दांत: “अगं, लिहून तर झालं, पण घरातलं कुणी दहाव्या पानाच्या पुढे जात नाही.” काकू आतून म्हणाल्या, “यांच्या पणजोबांच्या पगडीपाशीच मला झोप लागते.”

मी वह्या घरी आणल्या आणि कोड तपासते तशा तपासल्या. भाषा चांगली, तपशील तर सोन्यासारखे. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून नोकरीसाठी बडोद्याला आले, दांडिया बाजारात वाडा झाला, माणसं वाढली. सगळं सालवार. प्रत्येक प्रकरण नव्या सालाने सुरू होतं आणि ते साल संपलं की संपतं. कॅलेंडर पुढे सरकतं, गोष्ट सरकत नाही. कारण या साली जे झालं त्यामुळे पुढच्या साली काय बदललं, हे कुठेच नाही.

मी एक साधा तक्ता केला. किती पानांत किती काळ जातो, एवढंच मांडलं. पणजोबांच्या प्रवासाला अठरा पानं. एका मुंजीच्या जेवणावळीला अकरा पानं. आणि तिसऱ्या वहीत, जवळजवळ शेवटी, चार ओळी: वाडा विकला, मन जड झालं, सामान टेम्पोत भरलं, मांजलपूरला राहायला आलो.

चार ओळी! मी काकांना विचारलं, “त्या दिवशी काय काय झालं?” ते तासभर बोलत होते. झोपाळा कुणी न्यायचा यावरून झालेलं भांडण. देवघराची किल्ली सापडेना म्हणून थांबलेला टेम्पो. तुळशीपाशी बसून राहिलेली आजी. वाडा घेणाऱ्या गुजराती कुटुंबातल्या बेनने सगळ्यांसाठी करून आणलेला चहा, आणि तो कुणी प्यावा की नाही याबद्दलची कुजबुज. मग जरा थांबून म्हणाले, “त्यानंतर मोठा भाऊ माझ्याशी अकरा वर्षं बोलला नाही. तो गेला तेव्हाही आमचं धड बोलणं झालेलं नव्हतं.”

कादंबरी तिथे होती, चार ओळींत दडपलेली. वेगाबद्दल मला जे एक वाक्य सांगायचं आहे ते हेच: लिहिताना आपण जिथे घाई करतो ती बहुतेक वेळा दुखरी जागा असते, आणि वाचकाला नेमकं तिथेच थांबायचं असतं. उलट, जिथे आपल्याला मजा येते, जेवणावळ, पगडी, दागिन्यांची यादी, तिथे आपण वाचकाला पाहुण्यासारखं आग्रह करकरून बसवून ठेवतो.

वेग म्हणजे नुसतं पळणं नव्हे

कादंबरीत वेळ दोन प्रकारे जातो. एक, दाखवून: माणसं समोर आहेत, बोलतायत, एक दुपार बारा पानं चालते. दुसरा, सांगून: ‘पुढची वीस वर्षं नोकरीत गेली’, एका ओळीत. दोन्ही लागतात. नुसतं दाखवत राहिलं तर कादंबरी हजार पानांतही मावणार नाही. नुसतं सांगत राहिलं तर तो घराण्याचा अहवाल होईल. ज्या घटनेनंतर माणूस पूर्वीसारखा राहत नाही ती दाखवा. ज्या काळात तो तसाच राहिला तो सांगून मोकळे व्हा.

वाचक पुढे ओढला जावा म्हणून दर पानाला घटना घडवायची गरज नसते. एक घड्याळ टांगलेलं पुरतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आठवा. जवळजवळ सगळी कादंबरी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. मुंबई आली की चक्रधर उतरणार, हॅर्टाला मात्र पुढे जायचंय, हे आपल्याला माहीत असतं. दोघं डेकवर नुसती बोलत बसली तरी खाली बोट चाललेलीच असते. प्रत्येक शांत पानाला तिथे ताण आहे, कारण प्रवास संपत आलाय.

काय होणार हे आधीच ठाऊक असेल तर? तरीही चालतं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्ये कर्ण मरणार हे कुठल्या वाचकाला माहीत नव्हतं? पण तिथे कादंबरीचे नऊ भाग केलेत आणि सांगणारा बदलत जातो. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. भाग बदलला की आपण त्याच माणसाकडे दुसऱ्या डोळ्यांनी बघतो. ‘पुढे काय झालं’च्या जागी ‘हिला हे कसं दिसलं’ हा प्रश्न येतो आणि पानं उलटत राहतात. अर्थात, सांगणारे सहा आहेत म्हणून आपणही सहा करावेत असं नाही. प्रत्येक आवाजाला दुसऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी माहीत हवं, नाहीतर तीच हकिकत सहा वेळा ऐकावी लागते.

काकांच्या वह्यांना हे दोन्ही लावून बघितलं. कादंबरी आता पणजोबांपासून सुरू होत नाही. वाड्याचा सौदा झालाय आणि ताबा द्यायला पंधरा दिवस उरलेत, तिथून होते. ते झालं घड्याळ. प्रकरणाचं माप म्हणजे एक खोली. एका प्रकरणात माजघर रिकामं होतं, एकात माळा, एकात देवघर. माळ्यावर पगडी सापडते तेव्हा पणजोबा येतात, दीड पानापुरते, आणि त्यांची हकिकत त्या दिवशीच्या भांडणाला जाऊन चिकटते. सालं गेली नाहीत, फक्त जागेवर आली. मुंजीची जेवणावळ अकरा पानांवरून दोनवर आली. काका थोडे नाराज आहेत. आणि भावाशी बोलणं बंद झालं तो दिवस सबंध एक प्रकरण आहे. ते अजून लिहून झालेलं नाही. तीनदा लिहून तीनदा फाडलंय. तोवर काकूंनी पहिली सहा प्रकरणं वाचली आणि त्यांची तक्रार आता वेगळी आहे: झोपाळ्याचं जे लिहिलंय ते तसं झालंच नव्हतं म्हणे.

करून बघण्यासारखं

ज्यांची कादंबरी अर्ध्यावर आहे त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

एक: प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहा. ‘आधी असं होतं, या प्रकरणानंतर तसं झालं.’ ओळ लिहिता आली नाही तर ते प्रकरण शेजारच्यात मिसळा किंवा काढून ठेवा. फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पुढे एखादा तपशील उपयोगी पडतो.

दोन: तक्ता करा. एक्सेलमध्ये करा, वहीत करा. चार रकाने: प्रकरणाचा क्रमांक, पानं किती, त्यात काळ किती जातो, आणि या प्रकरणात वाचकाला नवीन काय कळतं. तक्ता कादंबरी लिहून देत नाही, पण कुठे सूज आहे आणि कुठे खड्डा आहे ते लगेच दिसतं. सगळी प्रकरणं सारख्या लांबीची हवीत असं मुळीच नाही. तीन मोठ्यांनंतर एक दोन पानांचं आलं तर तेच लक्षात राहतं.

तीन: हिशेब मांडा. साठ हजार शब्दांची कादंबरी, दोन-दोन हजार शब्दांची तीस प्रकरणं. दिवसाला पाचशे शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला अडीच हजार. चोवीस आठवड्यांत पहिला खर्डा हातात. नोकरी, शाळेच्या बस आणि पाहुणे सांभाळून दिवसाला पाचशे शब्द जड वाटले तर अडीचशे करा. वर्ष लागेल, बिघडलं काय? पण त्या दिवसाचं लिहिणं प्रकरणाच्या मध्येच थांबवा. पुढचं वाक्य माहीत असताना उठलं की दुसऱ्या दिवशी बसणं सोपं जातं.

चार: मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्याला ‘आवडलं का?’ असं विचारू नका. आपली माणसं हो म्हणणारच. वाचताना समोरचा मोबाइलकडे कधी बघतो त्याची पेन्सिलीने खूण करा. मग प्रकरण संपल्यावर विचारा, “पुढे काय होईल असं वाटतंय?” उत्तर आलं तर प्रकरण नीट संपलंय. उत्तर अगदी बरोबर आलं तर मात्र पुढच्या प्रकरणाचा पुन्हा विचार करा.

आपल्या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१, १९३४ आणि अगदी अलीकडे २०१८ मध्ये भरलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही उभी आहे. वाचणाऱ्यांचं हे गाव आहे. पण दांडिया बाजार, रावपुरा, नवापुऱ्यातल्या वाड्यांमध्ये जे घडलं ते ज्यांच्या डोळ्यांदेखत घडलं ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांची नातवंडं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. अशा वाचकाला सहाशे पानं एकदम हातात दिली तर तो ती कपाटात ठेवेल. एका बैठकीत वाचून होईल असं एक प्रकरण दिलं, तर कदाचित दुसरं मागेल. प्रकरणं नीट पाडण्याचा एवढा खटाटोप त्यासाठीच करायचा.

तुमच्या कादंबरीच्या प्रकरणांच्या एका-एका ओळीची यादी मंडळाच्या पत्त्यावर पाठवा; दहापर्यंत याद्या मी नक्की वाचून कळवेन. पुढच्या महिन्यात संवादांबद्दल बोलू. निम्मं गुजराती बोलणारं आपलं बडोदेकर पात्र कागदावर कसं बोलतं करायचं, ते. तोवर लिहीत राहा. आवजो!